डोरा बाकोयानी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसचे पंतप्रधान किरियाकोस मित्सोताकिस २०२४ मध्ये दिल्लीला येऊन गेले, तेव्हापासून त्यांच्या घराण्याबद्दल मराठी वाचकही विचारू लागले आहेत. गंमत म्हणजे निम्मे प्रश्न पंतप्रधानांबद्दल नसतातच, त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल असतात. ते स्वाभाविकही आहे, कारण बहिणीची गोष्ट भावापेक्षा जास्त वळणांची आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

थोडक्यात सांगायचं तर या बाई कोण?

डोरा (पूर्ण नाव थिओडोरा) बाकोयानी यांचा जन्म ६ मे १९५४ रोजी अथेन्समध्ये झाला. वडील कॉन्स्टँटिनोस मित्सोताकिस हे १९९० ते १९९३ या काळात पंतप्रधान होते. त्या खासदार झाल्या, सांस्कृतिक मंत्री झाल्या, अथेन्सच्या पहिल्या महिला महापौर झाल्या आणि ग्रीसच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. पक्षाध्यक्षपदाची निवडणूक हरल्या, पक्षातून हाकलल्या गेल्या, स्वतःचा पक्ष काढला, तो आपटला आणि परत आल्या. पंतप्रधानपद मात्र घरात आलं ते त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान असलेल्या भावाकडे.

बाकोयानी की बाकोयानिस? आणि भाऊ मित्सोताकिस तर बहीण मित्सोताकी, हा काय प्रकार?

ग्रीकमध्ये बाईचं आडनाव साधारणपणे पुरुषाच्या आडनावाचं षष्ठीचं रूप असतं. मित्सोताकिसांची ती मित्सोताकी, बाकोयानिसांची ती बाकोयानी. आपल्याकडे पाटलाची पाटलीण आणि कुलकर्ण्यांची कुलकर्णीण होते, त्याच जातीचं हे व्याकरण. परदेशी वर्तमानपत्रं पुष्कळदा 'बाकोयानिस' लिहितात. चूक म्हणता येत नाही, पण ग्रीसमध्ये त्यांना कुणी तसं हाक मारत नाही.

आडनाव नवऱ्याचं आहे. १९८३ च्या कौटुंबिक कायद्यानंतर ग्रीक बायकांना लग्नानंतर कायद्याने माहेरचंच आडनाव ठेवावं लागतं. डोरांचं लग्न १९७४ चं, म्हणजे जुन्या रिवाजातलं. नऊ वर्षांनी, त्या बदलानंतर लग्न झालं असतं तर आज त्याही मित्सोताकी म्हणूनच ओळखल्या गेल्या असत्या, आणि राजकारणात नवऱ्याचं नाव त्यांच्यासोबत इतक्या ठसठशीतपणे चाललं नसतं.

जाता जाता: आपल्याकडे '-कर' दिसलं की गाव शोधावं, तसं ग्रीसमध्ये '-आकिस' दिसलं की क्रीट बेट समजावं.

घराणं किती जुनं आहे?

क्रीटमधलं हानिया हे गाव, तिथून सुरुवात. पणजोबा कोस्तिस मित्सोताकिस हे क्रीट तुर्की सुलतानाच्या ताब्यात होतं त्या काळातले वकील, पत्रकार आणि राजकारणी. त्यांच्या बायकोचा भाऊ म्हणजे एलेफ्थेरिओस वेनिझेलोस. हे नाव ओळखीचं वाटत असेल तर अथेन्सच्या विमानतळामुळे. आधुनिक ग्रीसचा नकाशा ज्यांनी आखला त्यांच्यातलं हे सर्वांत मोठं नाव, आणि कॉन्स्टँटिनोस मित्सोताकिस त्यांच्या बहिणीचे नातू.

ग्रीक लोक अशा घराण्यांना 'त्झाकी' म्हणतात. शब्दशः अर्थ घरातली शेकण्याची चूल. तीन चुली मोठ्या: पापांद्रेऊ, कारामानलिस आणि मित्सोताकिस. पापांद्रेऊंचे आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघे पंतप्रधान झाले, कारामानलिसांचे काका आणि पुतण्या, मित्सोताकिसांचे बाप आणि लेक. १९८१ पासून मोजलं तर काळजीवाहू आणि अल्पजीवी सरकारं सोडून या तीन घरांच्या बाहेरचे पंतप्रधान बोटांवर मोजावे इतकेच: सिमितिस, सामारास, त्सिप्रास.

एकाच घराला लोक पुन्हा पुन्हा निवडतात ते का?

एक कारण मतपत्रिकेत आहे. ग्रीसमध्ये नेहमीच्या निवडणुकीत मतदार पक्षाची यादी उचलतो आणि तिच्यातल्या आवडत्या उमेदवाराच्या नावापुढे फुली मारतो. फुलीला ते 'स्टावरोस' म्हणतात. म्हणजे उमेदवाराची खरी लढत स्वतःच्याच पक्षातल्या शेजाऱ्याशी असते, आणि तिथे नाव माहीत असणं म्हणजे अर्धी लढाई. आजोबांनी कुणाच्या मुलाला नोकरी लावून दिली, वडिलांनी कुणाचं काम केलं, याचा हिशेब गावोगाव तोंडपाठ असतो. अशा मेहेरबानीला ग्रीक शब्द आहे 'रुस्फेती'. तुर्कीतून आलेला, मूळ अरबी. आपल्या कानावरून गेलेला 'रिश्वत' त्याच मुळातला. अर्थ मात्र थोडा सरकला आहे. रुस्फेतीत पैसे हातात दिले पाहिजेत असं नाही. मत दिलं तरी चालतं.

१९६५ च्या 'अपोस्तासिया'चा उल्लेख सारखा येतो. त्या वेळी तर डोरा अकरा वर्षांच्या होत्या?

हो, पण ग्रीसमध्ये राजकीय आठवण पिढ्यान्‌पिढ्या चालते. १९६५ च्या जुलैत पंतप्रधान यॉर्गोस पापांद्रेऊ (थोरले) यांचा राजाशी खटका उडाला आणि त्यांना जावं लागलं. त्यांच्याच पक्षातल्या काही खासदार-मंत्र्यांनी मग राजाने नेमलेल्या सरकारांना पाठिंबा दिला. त्या फुटीरांत कॉन्स्टँटिनोस मित्सोताकिस पुढे होते. अपोस्तासिया म्हणजे पक्षद्रोह. दोन वर्षांनी, २१ एप्रिल १९६७ ला लष्कराने सत्ता बळकावली, आणि पुष्कळांच्या मनात या दोन घटनांची साखळी जुळली ती कायमची.

डाव्यांनी हे विसरणं शक्यच नव्हतं. पण खरी अडचण उजवीकडे होती. मित्सोताकिस मुळात मध्यममार्गी, वेनिझेलोसच्या परंपरेतले. कारामानलिसांच्या न्यू डेमोक्रसी या उजव्या पक्षात ते आले १९७८ मध्ये. तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या लेखी हे घर कायम दुसऱ्या चुलीवरचं राहिलं. डोरांच्या वाट्याला पुढे जे आलं त्यातलं बरंच काही या एका गोष्टीतून समजतं.

लहानपण कसं गेलं?

लष्करी राजवटीत वडिलांना अटक झाली, नजरकैद झाली. १९६८ मध्ये ते बोटीने तुर्कस्तानला निसटले आणि तिथून पॅरिसला. कुटुंबही मग पॅरिसला गेलं. डोरांची शाळा आधी अथेन्समधली जर्मन शाळा, मग पॅरिसमधली जर्मन शाळा, आणि पुढे म्युनिकमध्ये राज्यशास्त्र आणि संज्ञापन. १९७४ मध्ये राजवट कोसळल्यावर त्या परतल्या आणि अथेन्स विद्यापीठात शिक्षण पुढे चालू ठेवलं. त्यांचं जर्मन आणि फ्रेंच अस्खलित आहे ते या वनवासामुळे. कर्जसंकटाच्या काळात जर्मन वाहिन्यांवर जर्मनमधून ग्रीसची बाजू मांडू शकणारे ग्रीक राजकारणी फार नव्हते. हे त्या काळात त्यांच्या कामाला आलं, आणि घरी त्यावरून टोमणेही बसले.

पावलोस बाकोयानिस कोण होते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून उत्तर जरा लांबेल.

पावलोस हे एव्रितानिया या डोंगराळ, गरीब जिल्ह्यातले. पत्रकार. लष्करी राजवटीत ते म्युनिकहून बव्हेरियन रेडिओच्या ग्रीक कार्यक्रमात बोलत, आणि ग्रीसमधले लोक दारं-खिडक्या लावून तो ऐकत. स्वतःच्या देशातल्या रेडिओवर बूट आणि बँड वाजत असताना खरी बातमी जर्मनीहून यायची. डोरा आणि पावलोस यांचं लग्न १९७४ च्या डिसेंबरात झालं. दोन मुलं: अलेक्सिया आणि कोस्तास.

१९८९ च्या जूनमध्ये पावलोस एव्रितानियातून खासदार झाले. त्या उन्हाळ्यात ग्रीसमध्ये काही वर्षांपूर्वीपर्यंत अशक्य वाटलं असतं असं घडलं: उजवी न्यू डेमोक्रसी आणि कम्युनिस्टांसह डाव्यांची आघाडी यांनी मिळून सरकार बनवलं. १९४० च्या दशकातल्या यादवी युद्धात या दोन बाजूंनी एकमेकांची माणसं मारली होती. निमित्त होतं आंद्रेआस पापांद्रेऊंच्या सरकारातल्या, कोस्कोतास या बँकमालकाच्या घोटाळ्याची चौकशी. पण त्या सरकारने आणखी एक काम केलं. यादवीचे कायदेशीर परिणाम पुसणारा कायदा आणला, आणि २९ ऑगस्ट १९८९ ला नागरिकांच्या राजकीय मतांवर पोलिसांनी दशकानुदशकं जमवलेल्या फायली जाळून टाकल्या. इतिहासकारांनी नंतर हळहळ व्यक्त केली, ते वेगळं. या समेटासाठी दोन्हीकडे बोलू शकणारा दुवा म्हणजे पावलोस बाकोयानिस.

२६ सप्टेंबर १९८९ ची सकाळ. अथेन्सच्या मध्यवस्तीत ओमिरू रस्ता आहे. ओमिरू म्हणजे 'होमरचा'. तिथल्या आपल्या कार्यालयाच्या इमारतीत शिरत असताना '१७ नोव्हेंबर' या दहशतवादी गटाने त्यांना गोळ्या घातल्या. संसदेत त्याच दिवसांत पापांद्रेऊंवर खटला भरायचा की नाही याचा निर्णय व्हायचा होता. गटाने आपल्या पत्रकात त्यांचा संबंध कोस्कोतासशी जोडला. पावलोस पूर्वी त्याच्या प्रकाशनसंस्थेत काम करत होते, एवढा धागा त्यांना पुरला. पापांद्रेऊ पुढे, जानेवारी १९९२ मध्ये, ७ विरुद्ध ६ मतांनी निर्दोष सुटले.

कोस्तास तेव्हा अकरा वर्षांचा होता.

मग पुढच्या निवडणुकीत त्या सहानुभूतीच्या लाटेवर निवडून आल्या, असंच ना?

१९८९ च्या नोव्हेंबरात, नवरा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा डोरा एव्रितानियातून उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. सहानुभूती होतीच. नाही म्हणणं खोटेपणाचं होईल.

पण फक्त तेवढंच म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. १९८४ मध्ये वडील पक्षाध्यक्ष झाले तेव्हापासून त्यांचं राजकीय कार्यालय डोराच चालवत होत्या; राजकारण त्यांना नव्याने शिकायचं नव्हतं. दुसरं, एव्रितानिया हा एकाच जागेचा मतदारसंघ. तिथे कार्पेनिसी सोडलं तर बाकी सगळी डोंगरातली खेडी. लाट एका निवडणुकीपुरती असते. त्या तिथून १९९० आणि १९९३ मध्येही निवडून आल्या, आणि १९९६ मध्ये अथेन्सच्या मध्यवर्ती मतदारसंघात गेल्या.

वडिलांच्या मंत्रिमंडळात मुलगी, यावर बोंब झाली नाही?

झाली की. १९९० च्या एप्रिलमध्ये न्यू डेमोक्रसीला जवळजवळ ४७ टक्के मतं मिळूनही ३०० पैकी १५० जागाच आल्या. एका खासदाराला जोडून घेऊन सरकार उभं राहिलं. इतक्या काठावरच्या सरकारात डोरा आधी पंतप्रधान कार्यालयात उपमंत्री आणि डिसेंबर १९९२ पासून सांस्कृतिक मंत्री. विरोधकांना घराणेशाहीचा मुद्दा आयताच मिळाला, आणि स्वपक्षातले कुरकुरणारेही होते. मंत्री म्हणून दहा महिन्यांत सांगण्यासारखं फार काही घडलं नाही.

ते सरकार पाडणाऱ्या माणसाचं नाव लक्षात ठेवा: अँटोनिस सामारास. मित्सोताकिसांचे परराष्ट्रमंत्री. शेजारचा नवा देश 'मॅसिडोनिया' हे नाव घेतो म्हणून त्यांनी कडवी भूमिका घेतली, एप्रिल १९९२ मध्ये पंतप्रधानांनी त्यांना काढलं, त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि सप्टेंबर १९९३ मध्ये त्यांच्याकडे खासदार सरकले तसं सरकार कोसळलं. नावाचा हा वाद दहा वर्षांनी कुणाला आठवणारही नाही, असं थोरले मित्सोताकिस म्हणाल्याचं ग्रीसमध्ये अजून चिमटा काढायला सांगतात. तो वाद २०१८ पर्यंत चालला.

महापौर म्हणून काय केलं? ऑलिंपिक त्यांनीच भरवलं का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. अथेन्स महापालिका म्हणजे त्या अफाट शहराचा मधला तुकडा. तेव्हा सुमारे साडेसात लाख वस्तीचा. आजूबाजूची उपनगरं म्हणजे वेगळ्या नगरपालिका. २००४ च्या ऑलिंपिकची स्टेडियमं, रस्ते, मेट्रो ही कामं सरकार आणि संयोजन समितीची. महापौरांच्या हातात होते फुटपाथ, चौक, बागा, दिवे, कचरा. थोडक्यात पाहुणे येण्याआधी घर आवरायचं काम, आणि तेही अर्ध्या अथेन्सची खोदाई चालू असताना.

२००२ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या फेरीत सुमारे ६० टक्के मतं घेऊन त्या जिंकल्या. साडेतीन हजार वर्षांच्या या शहराला पहिल्यांदाच महिला महापौर मिळाली, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. ऑलिंपिकच्या समारोपाला, २९ ऑगस्ट २००४ च्या रात्री, ऑलिंपिकचा झेंडा त्यांच्या हातून आंतरराष्ट्रीय समितीच्या अध्यक्षांकडे आणि तिथून बीजिंगच्या महापौरांकडे गेला. जगभर दिसलेलं त्यांचं चित्र ते हेच. २००५ मध्ये त्यांना 'वर्ल्ड मेयर' हा इंटरनेटवरच्या मतदानातून ठरणारा सन्मानही मिळाला.

त्यांच्यावरही हल्ला झाला होता म्हणतात?

झाला होता. १३ डिसेंबर २००२, निवडून आल्या होत्या पण पदभार घ्यायचा होता. गाडीवर गोळी झाडली गेली. चालकाला दुखापत झाली, त्या बचावल्या. हल्लेखोर एकटाच होता, कुठल्या गटाचा नव्हता.

तारखांची जुळणी पाहा. त्याच वर्षी जूनमध्ये पिरेयस बंदरात '१७ नोव्हेंबर'च्या एका सदस्याच्या हातात बाँब फुटला आणि सत्तावीस वर्षं एकही माणूस हाती न लागलेला हा गट काही आठवड्यांत उघडा पडला. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला, जन्मठेपा झाल्या. म्हणजे नवऱ्याचे मारेकरी कोण हे कळणं, महापौर होणं आणि स्वतःवर गोळी झेलणं, हे सगळं सहा महिन्यांत.

फोन टॅपिंगच्या प्रकरणात त्यांचं नाव होतं ते कशासंदर्भात?

बळी म्हणून. ऑलिंपिकच्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत घुसून शंभराच्या आसपास फोन चोरून ऐकले गेले. पंतप्रधान कोस्तास कारामानलिस, मंत्री, आणि अथेन्सच्या महापौर. सरकारने २ फेब्रुवारी २००६ ला हे जाहीर केलं, आणि दोन आठवड्यांच्या आत डोरा परराष्ट्रमंत्री झाल्या.

२०२२ मध्ये असंच प्रकरण पुन्हा आलं, या वेळी भावाच्या सरकारात. विरोधी नेते आणि पत्रकारांच्या फोनवर पाळत ठेवल्याचा आरोप झाला आणि पंतप्रधान कार्यालयाचे सरचिटणीस असलेल्या त्यांच्या भाच्याला ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा लागला. भाच्याने आरोप नाकारले.

परराष्ट्रमंत्री म्हणून कामगिरी कशी होती?

१५ फेब्रुवारी २००६ ते ऑक्टोबर २००९. मला विचाराल तर त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत भक्कम वर्षं हीच.

पदावर येऊन तीन महिने होतात तोच, २३ मे २००६ ला, कार्पाथोस बेटाजवळ ग्रीक आणि तुर्की एफ-१६ विमानं हवेत एकमेकांवर आदळली. ग्रीक वैमानिक मेला. एजियन समुद्रात असं काही झालं की दोन्ही राजधान्यांत रक्त तापतं, १९९६ मध्ये तर दोन निर्मनुष्य खडकांवरून दोन्ही देश युद्धाच्या उंबऱ्यावर होते. या वेळी दोन्ही परराष्ट्रमंत्री फोनवर बोलले आणि प्रकरण तिथेच आवरलं. अशा कामाला मतं मिळत नाहीत. जे घडलं नाही त्याचा फोटो छापता येत नाही.

त्याच सप्टेंबरात ग्रीसकडे सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद आलं. २००८ च्या एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या नाटो परिषदेत ग्रीसने उत्तरेच्या शेजाऱ्याला, नावाचा प्रश्न सुटेपर्यंत, आत येऊ दिलं नाही. वडिलांचं सरकार ज्या वादात पडलं त्याच वादात मुलगी कडक भूमिकेचं समर्थन जगभर करत होती. त्यांच्यावर टीका करणारे हे आवर्जून सांगतात, आणि मुद्दा खोटा नाही. २००९ मध्ये युरोपीय सुरक्षा संघटनेचं अध्यक्षपद ग्रीसकडे होतं, तेव्हा त्यांनी कोर्फू बेटावर रशिया आणि पाश्चात्त्य देशांचे परराष्ट्रमंत्री एकत्र बसवले. जॉर्जियातल्या युद्धाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

२००९ मध्ये पक्षाध्यक्षपद हातात आल्यासारखं होतं. मग हरल्या कशा?

ऑक्टोबर २००९ मध्ये न्यू डेमोक्रसी साडेतेहतीस टक्क्यांवर आली, कारामानलिस पायउतार झाले. सर्वांच्या तोंडी एकच नाव होतं: डोरा. मग नियम बदलला. प्रतिनिधींनी अध्यक्ष निवडायचा रिवाज मोडून थेट सदस्यांचं मतदान ठरलं. २९ नोव्हेंबरला साडेसात लाखांहून जास्त लोक रांगांत उभे राहिले. निकाल: सामारास ५०.०६ टक्के, बाकोयानी ३९.७२.

हो, तेच सामारास. मध्ये अकरा वर्षं बाहेर राहून परतलेले, ज्यांनी वडिलांचं सरकार पाडलं ते.

हे कसं झालं? एक, दिमित्रिस आव्रामोपुलोस या दुसऱ्या बड्या उमेदवाराने सामारासांसाठी माघार घेतली. दोन, अपमानकारक पराभवानंतर कार्यकर्त्याला राष्ट्र, धर्म, अस्मिता असं गरमागरम काही ऐकायचं होतं. डोरा मध्यममार्गाची भाषा बोलत होत्या. तीन, कारामानलिसांना मानणाऱ्या घरांनी मित्सोताकिसांच्या घराला कधी आपलं म्हटलंच नव्हतं. प्रतिनिधींच्या अधिवेशनात नेत्यांशी बोलून गणित जुळवता येतं. मतपेटीपाशी उभ्या असलेल्या निवृत्त पोस्टमनशी किंवा कापसाच्या शेतकऱ्याशी ते कसं जुळवणार? आणि तो माणूस विचारत होता, आता ही पण मित्सोताकिसांचीच का?

मला नेहमी वाटतं की या बाईंना आडनावाने जितकं दिलं तितकंच त्या रात्री मोजून परत घेतलं.

पक्षातून का काढलं?

एका मतासाठी. २०१० च्या वसंतात ग्रीसची तिजोरी रिकामी होती. पापांद्रेऊ (नातू) सरकारने नाणेनिधी आणि युरोपीय देशांकडून ११० अब्ज युरोंच्या कर्जाचा करार केला; बदल्यात पगारकपात, पेन्शनकपात, करवाढ. सामारासांनी पक्षाला विरोधात मतदान करायला सांगितलं. आदल्या दिवशी, ५ मेला, मोर्चाच्या वेळी अथेन्समधल्या एका बँकेच्या शाखेला आग लावली गेली आणि तीन कर्मचारी गुदमरून मेले. दुसऱ्या दिवशी संसदेत डोरांनी कराराच्या बाजूने मत दिलं. दिवाळखोरी हा पर्याय नाही, अशी त्यांची भूमिका. सामारासांनी तडकाफडकी काढलं.

तारीख ६ मे. त्यांचा छप्पन्नावा वाढदिवस.

त्यांनी काढलेल्या पक्षाचं काय झालं?

नोव्हेंबर २०१० मध्ये 'डेमोक्रॅटिक अलायन्स' हा उदारमतवादी पक्ष काढला. मे २०१२ च्या निवडणुकीत २.५५ टक्के मतं मिळाली. संसदेत जायला ३ टक्के लागतात. तीही तारीख ६ मे होती, आणि त्याच दिवशी त्यांच्या आई मारिका गेल्या. कथेत कुणी असं लिहिलं तर संपादक कापून टाकील.

आणि ज्यांनी हाकललं त्यांच्याकडेच परत गेल्या?

गेल्या, पंधरा दिवसांत. मेच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नव्हतं, जूनमध्ये पुन्हा मतदान होतं, डाव्या सिरिझाचा जोर वाढत होता आणि युरोत राहायचं की बाहेर पडायचं इथपर्यंत गोष्ट आली होती. सामारासांनाही एकेक टक्का हवा होता. विरोधात असताना कराराला शिव्या देणारे सामारास पंतप्रधान झाल्यावर तोच करार राबवू लागले, त्यामुळे भांडणाचं कारणही उरलं नाही. डोरा पक्षाच्या राष्ट्रीय यादीतून संसदेत आल्या. मंत्रिपद मिळालं नाही. उलट २०१३ मध्ये सामारासांनी मंत्री केलं ते किरियाकोसला.

भाऊ पंतप्रधान झाल्यावर तरी मंत्रिपद का नाही?

कारण तो भाऊ आहे. किरियाकोस जानेवारी २०१६ मध्ये पक्षाध्यक्ष झाले, तेही सदस्यांच्या थेट मतदानातून आणि पक्षयंत्रणेच्या उमेदवाराला हरवून. जुलै २०१९ मध्ये पंतप्रधान. सख्खी बहीण मंत्रिमंडळात घेतली असती तर पहिल्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी दुसरं काही छापलंच नसतं. देशात मंत्रिपदाचा अनुभव असलेल्या माणसांच्या यादीत त्या वरच्या चारपाचांत असतील, पण नातं आडवं आलं. त्या २०१९ मध्ये हानियातून, म्हणजे घराण्याच्या मूळ गावातून निवडून आल्या आणि २०२३ मध्येही.

२०१९ मध्येच त्यांनी युरोप परिषदेच्या (युरोपीय संघाहून वेगळी, मानवी हक्कांसाठीची संघटना) महासचिवपदासाठी प्रयत्न केला होता. अंतिम दोघांत नाव आलं नाही.

मुलगाही राजकारणात आहे ना?

कोस्तास बाकोयानिस आधी कार्पेनिसीचा महापौर, मग मध्य ग्रीस प्रांताचा प्रमुख, आणि २०१९ ते २०२३ अथेन्सचा महापौर. आईच्याच खुर्चीत. २०२३ च्या ऑक्टोबरात पहिल्या फेरीत पुढे असूनही दुसऱ्या फेरीत पासोक या समाजवादी पक्षाच्या हारिस दुकास यांच्याकडून हरला. मामा चार महिन्यांपूर्वीच ४० टक्क्यांवर मतं घेऊन जिंकला होता. भाच्याला ते उपयोगी पडलं नाही.

कोसोवोवरून ग्रीसमध्ये त्यांच्यावर एवढा राग कशासाठी होता?

सर्बियातून फुटून निघालेल्या कोसोवोला युरोप परिषदेत घ्यावं का, याचा अहवाल परिषदेच्या संसदीय सभेसाठी त्यांनी लिहिला, आणि शिफारस अनुकूल केली. १६ एप्रिल २०२४ ला सभेने तो १३१ विरुद्ध २९ मतांनी मान्य केला. ग्रीसने स्वतः कोसोवोला मान्यता दिलेली नाही, कारण त्याच न्यायाने उद्या तुर्कांच्या ताब्यातल्या उत्तर सायप्रसचं काय, ही भीती. सायप्रस आणि सर्बिया दोन्हीकडून नाराजी आली. आपण सभेच्या वतीने लिहिलं, सरकारच्या वतीने नाही, आणि सदस्यत्व म्हणजे देश म्हणून मान्यता नव्हे, असा त्यांचा खुलासा. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. पंतप्रधानांच्या बहिणीच्या तोंडून आला की लोकांना तो पटत नाही, एवढंच.

भारताशी काही संबंध?

त्यांचा स्वतःचा विशेष नाही. भावाचा आहे: ऑगस्ट २०२३ मध्ये नरेंद्र मोदी अथेन्सला गेले, इंदिरा गांधींच्या १९८३ च्या भेटीनंतर भारतीय पंतप्रधानांची ती पहिलीच भेट. फेब्रुवारी २०२४ मध्ये किरियाकोस दिल्लीच्या रायसीना डायलॉगला प्रमुख पाहुणे होते आणि परतताना मुंबईलाही जाऊन आले.

त्यांच्या प्रकृतीबद्दल वाचलं, ते खरं का?

जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की आपल्याला मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग आहे. उपचार घेत त्या काम करत राहिल्या. वर सांगितलेली निवडणूक आणि कोसोवोचा अहवाल दोन्ही त्यानंतरचे.

आणि सामारास?

पंतप्रधानपद गेल्यावरही खासदार राहिले. तुर्कस्तानशी मवाळपणा आणि समलिंगी विवाहाचा कायदा यांवरून सरकारवर जाहीर टीका करत राहिले. १६ नोव्हेंबर २०२४ ला न्यू डेमोक्रसीतून त्यांची हकालपट्टी झाली. निर्णय पक्षाध्यक्षांचा, म्हणजे किरियाकोस मित्सोताकिस यांचा.